स्कूटर कुठे न्यावी: बुडालेल्या जहाजावर की समुद्रातल्या कड्यावर?

डायव्हरला पंख्याच्या जोरावर पाण्याखाली ओढून नेणाऱ्या स्कूटरची खरी मजा कड्यावरच. पंख्यात अडकायला काही नाही, पायांना आराम आणि दम लागत नसल्याने टाकीतला श्वासाचा गॅसही पुरवून वापरता येतो. धोका एकच, पण मोठा: खाली तळच नसतो. स्कूटरचं नाक जरा खाली झुकलं की काही सेकंदांत ठरलेली खोली ओलांडली जाते. ५० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या सहापट. तिथे साध्या हवेतला नायट्रोजन डोकं बधिर करतो, म्हणून टाकीत ट्रायमिक्स, म्हणजे हेलियम मिसळलेला श्वासाचा गॅस. नजर कोरलवर कमी, खोलीच्या आकड्यावर जास्त.

जहाजावर तळ पक्का, त्यामुळे डीकॉम्प्रेशनचे थांबे, म्हणजे शरीरात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून वर येताना घ्यायचे थांबे, आखणं सोपं. पण जुनी जाळी आणि लोंबत्या केबली पंख्याच्या वैरी. आत तर स्कूटर नकोच! तिच्या झोताने गाळ उठतो आणि समोरचा हातही दिसेनासा होतो. दाराबाहेर क्लिपने अडकवावी, परतीची वाट सापडावी म्हणून रीलची दोरी बांधून आत शिरावं.

बॅटरी दोन्हीकडे दगा देऊ शकते. पोहत परतण्याइतका गॅस राखूनच वळावं. एकाच दिवशी दोन्ही करायचं तर मी जहाज सकाळी घेईन, डोकं ताजं असताना.