ट्रॅक डेला ब्रेक पॅड कुठले टाकायचे: कंपनीचे, मधले का पक्के रेसचे? माझा हिशोब

लातूरचा मामेभाऊ पुढच्या महिन्यात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला चाललाय, पहिलाच ट्रॅक डे (फी भरून आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस), आणि आठवडाभर एकच फोन, दादा पॅड कुठले टाकू. एक जण म्हणायलाय कंपनीचेच चालतात, दुसरा म्हणायलाय वीस हजाराचे टाक नाहीतर जाऊच नको. तीनदा फोनवर सांगून झालं, आता लिहूनच टाकतो, दुसऱ्या कुणाच्या बी कामाला येईल. तिन्ही प्रकार मी स्वतःच्या पैशानं घासलेत, त्यामुळं आकडे माझ्या बिलावरचे आहेत, तुझ्या गाडीला थोडे इकडंतिकडं होतील.

आधी ट्रॅक पॅड एवढे खातो काहून ते बघ. माझी टर्बो पेट्रोल हॅचबॅक, मी आत बसल्यावर साडेअकराशे किलो धर. जालना रोडला सिग्नलवर ५० वरनं शून्यावर येताना जेवढी ऊर्जा ब्रेकमधे जिरते, त्याच्या सात पट ट्रॅकवर १५० वरनं ७० वर येताना जिरते, गाडी थांबलेली बी नसताना. ही सगळी उष्णता. पाण्यात सोडली तर साधारण अडीच लिटर पाणी उकळीला येईल, एका दाबात (मे महिन्यात आपल्या टाकीतलं पाणी असेल तर तीन लिटर पण येईल म्हणा). आणि असे दाब एका लॅपमधे (ट्रॅकच्या एका फेरीत) चार-पाच. घाईनं दाबलं की गाडीचं वजन पुढं येतं म्हणून यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर, मागचे पॅड नुसते सोबतीला. चेन्नईचा ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा. कोइमतूरचा कारी २.१ चा, तिथं स्पीड कमी चढतो म्हणून पॅड जरा जास्त टिकतात, आणि नोएडाकडच्या बुद्ध सर्किटला ५.१२५ किलोमीटरच्या लॅपमधे मागची सरळ पट्टीच किलोमीटरच्या वर आहे, तिथं साध्या पॅडचं काही खरं नाही.

आता कंपनीचे पॅड. पुढचा सेट मला ३,२०० ला पडला. रोडवर चाळीस हजार किलोमीटर कुरकुर न करता चालणारी ही वस्तू, गार असताना मस्त पकडते, आवाज नाही, डिस्कला (चाकासोबत फिरणारी तबकडी, पॅड तिलाच पकडतात) जपते. पण साधारण साडेतीनशे-चारशे डिग्रीच्या पुढं पॅडच्या मसाल्याला, म्हणजे डिस्कवर घासणाऱ्या थराला, बांधून ठेवणारा माल जळायला लागतो, पॅड आणि डिस्कच्या मधे त्याचा गॅस येतो आणि पकड जाते. पहिल्या वेळेस मला तिसऱ्या जोरदार लॅपलाच कळलं. पेडल दगडासारखं घट्ट, पाय पूर्ण ताकदीनं, आणि गाडी आपली चाललीच आहे पुढं. पिटमधे (ट्रॅकशेजारी गाडी थांबवायची जागा) आलो तर मांजरसुंब्याच्या घाटात भरलेल्या ट्रकामागं उतरताना जो वास येतो तोच, फक्त या वेळेस आपल्याच गाडीचा. संध्याकाळी चाक काढून मोजलं तर सकाळी ११ मिलीमीटर असलेला मसाला ५ वर आलेला, कडा भुसभुशीत, नखानं पडत होत्या.

आता तू म्हणशील ५ मिलीमीटर उरला तर अजून एक दिवस निघेल. नाही निघणार. रोडवर २-३ पर्यंत लोक चालवतात ते ठीक, पण ट्रॅकला पातळ पॅड म्हणजे उष्णता अडवायला मधे काही उरतच नाही, ती सरळ कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) पिस्टनमधनं ब्रेक ऑइलला जाऊन भिडते. मी तर पाच-साडेपाचच्या खाली असेल तर ट्रॅकवर पाऊल ठेवत नाही. म्हणजे कंपनीचा सेट बरोबर एक दिवसाचा. उरलेला गावातल्या गावात घासून संपवता येतो, तेवढी वसुली होते.

मधले म्हणजे रोड आणि ट्रॅक दोन्हीकडं चालणारे, फेरोडोचा डीएस२५०० किंवा ईबीसीचा यलोस्टफ ह्या लायनीतले. माझा सेट ११,५०० ला आला. गार असताना कंपनीच्या पॅडपेक्षा किंचित उशिरा पकडतो, सकाळी पहिल्या चौकात जाणवतं, नंतर विसरायला होतं. धूळ जास्त. दिवसाला दोन मिलीमीटर गेला, ११ चा ९, ९ चा ७, ७ चा ५. तीन ट्रॅक डे.

पक्के रेसचे २१,००० ला. सहाशे डिग्रीच्या वर बी हे निवांत असतात, उलट गरम झाल्याशिवाय यांचं डोकंच चालत नाही. दिवसाला दीड मिलीमीटर, म्हणजे चार दिवस. पण हे पॅड स्वतः वाचतात आणि डिस्क खातात, चार दिवसात पुढच्या दोन्ही डिस्क त्यांच्यावर कोरलेल्या कमीत कमी जाडीला येऊन टेकल्या, ७,००० ची जोडी गेली. आवाजाचं तर विचारूच नको. परत येताना बीडमधे सिग्नलला थांबलो तर रिक्षावाला मान बाहेर काढून बघायला लागला, याला वाटलं माझी बेअरिंग गेली. शिवाय रिमवर बसणारी लोखंडी धूळ लवकर धुतली नाही आणि वरनं पाणी लागलं तर तांबूस डाग धरते, ते नंतर निघत नाहीत.

नुसता पॅडचा भागाकार केला तर कंपनीचे जिंकतात बघ. वीस मिनिटांचं सेशन, आठ लॅप, पहिला गरम करायला आणि शेवटचा गार करायला सोडला तर सहा जोराचे, दिवसाला चार सेशनचे चोवीस. कंपनीचे लॅपला १३३ रुपये, मधले १६०, रेसचे २१९. इथंच सगळे फसतात, मी बी फसलो होतो.

कारण आपण काय चेन्नईत राहात नाही. संभाजीनगरहून बीड, धाराशिव, सोलापूर करत जायचं, एका बाजूला हजार-बाराशे किलोमीटर, तेवढंच परत. पेट्रोल, टोल, दोन रात्री हॉटेल, ट्रॅकची फी धरून मला एक ट्रिप ३८,००० ला पडली. आणि कंपनीच्या पॅडवर चोवीसातले जोराचे लॅप झाले किती, तर १४. बाकीचे पॅड गार करत हळूहळू फिरण्यात गेले, बाकीचे लोक हात दाखवून पुढं जायलेत आणि मी आपला डावीकडनं. आता ४१,२०० भागिले १४ कर, लॅप पडला २,९४० ला. मधल्या पॅडवर २२ लॅप मिळाले, ट्रिपच्या खर्चात पॅडचा तिसरा हिस्सा मिळवला तर लॅप १,९०० चा. रेसच्या पॅडवर चोवीसच्या चोवीस, पॅडचा आणि डिस्कचा चौथा हिस्सा धरून १,८७५. म्हणजे तीन हजाराचे पॅड टाकून मी लॅपमागं हजार रुपये जास्त घालवले. आणि मधल्या-रेसच्यात फरक पंचवीस रुपयांचा, चहाचा कप.

मग पैशानं बरोबरी झाली की बाकीच्या गोष्टी बघायच्या, आणि तिथं आपल्या भागातल्या माणसाला रेसचे पॅड परवडत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याची गाडी ट्रेलरवर जाते त्याचं वेगळं. आपल्याला त्याच गाडीनं त्याच ब्रेकवर रातचं सोलापूर रोडला यायचंय, पुढं बिनलाईटचा उसाचा ट्रॅक्टर, आणि गार रेस पॅड पहिल्या दाबाला ऐकत नाही. मग पर्याय एकच, ट्रॅकवर पोचल्यावर पॅड बदलायचे आणि निघताना परत बदलायचे. जॅक, पान्हा, पिस्टन मागं दाबायचा क्लॅम्प सगळं डिक्कीत न्यावं लागतं, आणि दमून आल्यावर गरम कॅलिपरला हात लावायची इच्छा होत नाही, मी हातमोजे असून एक बोट भाजून घेतलंय. त्यात अजून एक भानगड, एका मसाल्याचा थर डिस्कवर बसलेला असतो, त्यावर दुसरा पॅड टाकला की नवा थर बसवायला परत सेटिंग करत बसावं लागतं (कसं ते शेवटी सांगतो). नाही केलं तर थर कमीजास्त बसतो आणि स्टिअरिंग थरथरतं, आणि गॅरेजवाला म्हणतो डिस्क वाकली, नवीन टाका. बऱ्याचदा डिस्क काही वाकलेली नसते.

तर भावा, तुझं. पहिलाच ट्रॅक डे आहे, पुन्हा जायचं का नाही हेच ठरलेलं नाही, तर कंपनीचे नवे पॅड टाक, अर्धे घासलेले घेऊन जाऊ नको, आणि तीन जोराचे लॅप झाले की स्वतःहून एक लॅप गार कर. पहिल्या वेळेस लाईन (वळणातनं गाडी कुठनं न्यायची ते) शिकण्यातच दिवस जातो, तुझा पाय काही १५० पर्यंत जाणार नाही, त्यामुळं माझ्याइतके लॅप वाया बी जाणार नाहीत. दुसऱ्यांदा जायचं ठरलं की डोळे झाकून मधले घे. वर्षाला चारच्या वर दिवस होत असतील आणि पॅड स्वतःच्या हातानं बदलता येत असतील तर रेसच्याचा विचार कर, त्याच्या आत नको.

पॅड कुठले बी असू दे, जायच्या आधी ब्रेक ऑइल नवं भरून नळ्यांमधली एअर काढून घे. ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ (ऑइलची प्रत, बाटलीवर लिहिलेली असते) नवं असताना कमीत कमी २३० डिग्रीला उकळतं, पाणी शोषलं की ही हद्द १५५ वर येते. ते उकळलं तर पेडल घट्ट होत नाही, उलट फुसकन जमिनीला जातं, आणि गरम पॅडची पकड जाण्यापेक्षा हे जास्त वाईट. दोन्हीतला फरक पायाला कळला पाहिजे, घट्ट असेल तर पॅड, भुसभुशीत असेल तर ऑइल. डॉट ५.१ चालतं, पण नुसतं डॉट ५ लिहिलेली बाटली घेऊ नको, ते सिलिकॉनचं आहे, यात मिसळत नाही.

नवे पॅड निघायच्या आदल्या दिवशी टाकू नको, चार दिवस आधी टाक. सेटिंग अशी: मोकळ्या रोडला, मागं कुणी नाही बघून, ८०-९० वरनं २०-३० पर्यंत आठ-दहा वेळा दाब, पूर्ण थांबू नको, आणि नंतर दहा मिनिटं ब्रेक न लावता गार होऊ दे. ट्रॅकवरनं पिटमधे आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमधे ठेवून चाकाला वीट लाव.

आणि मागच्या पॅडचं काल विचारलंस ना, माझे तीन ट्रॅक डेमधे एक मिलीमीटरसुद्धा गेले नाहीत. ते पैसे पेट्रोलला ठेव.