आईच्या टॅबवर अँटिव्हायरस: चौदा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी संक्रांतीला आईसाठी दहा इंची अँड्रॉइड टॅब घेतला. आई ७१ वर्षांची, आप्पा ७६. दोघंच कराडला असतात, मी पुण्यात. टॅबसोबत मी हौसेने एका अँटिव्हायरसची वर्षाची वर्गणीही भरली आणि आईला सांगितलं, "आता यात काही शिरणार नाही, निर्धास्त वापर." त्या वाक्यामुळे पुढे काय होता होता राहिलं, ते सांगायलाच हे लिहिते आहे. आईवडिलांना टॅब देताना त्यात अँटिव्हायरस घ्यावं का, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो.

पहिले पाच महिने अँटिव्हायरसने एकही व्हायरस पकडला नाही. तक्रार त्याबद्दल नाही, पकडण्यासारखं काही आलंच नसेल. पण ते स्वतः गप्प बसत नव्हतं. दिवसाआड वरून पट्टी यायची: 'स्कॅन बाकी आहे', 'टॅबमध्ये कचरा साठला आहे', 'तुमचं वाय-फाय सुरक्षित आहे का?' शेजारी केशरी गोल आणि खाली निळं बटण. आई शिस्तीची, शाळेत २८ वर्षं नोकरी केलेली. सूचना आली की ती पाळायची. केशरी दिसलं की निळं बटण दाबायचं, गोल हिरवा झाला की पुढच्या कामाला लागायचं, ही सवय तिला आम्हीच लावली.

मग आषाढीच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "अगं, टॅबला तेरा व्हायरस झालेत म्हणतंय. आणि आपलं अँटिव्हायरस संपलंय. कार्डाचा नंबर विचारतंय, पण कार्ड गोदरेजच्या कपाटात आहे आणि किल्ली आप्पांकडे. ते बाजारात गेलेत. तुझ्या कार्डावरून भरतेस का?"

मी तिला व्हिडिओ कॉलवर टॅब दाखवायला सांगितलं. तोच केशरी गोल, तसंच निळं बटण. फक्त कंपनीचं नाव कुठेच नव्हतं. ही सूचना अँटिव्हायरसची नव्हतीच, ती क्रोममधून येत होती. काही दिवसांपूर्वी अभंग शोधताना तिने कुठल्याशा पानावर 'अलाउ' दाबलं होतं. त्यामुळे त्या पानाला टॅबवर सूचना पाठवायची परवानगी मिळाली होती. अँटिव्हायरसने हे अडवलं नाही, कारण टॅबच्या दृष्टीने त्यात व्हायरस काहीच नव्हता. आईने स्वतः दिलेली परवानगी होती ती. आणि आईने विश्वास ठेवला, कारण घरात अँटिव्हायरस आहे हे मीच तिला सांगितलं होतं. नसतं, तर 'संपलंय' हे तिला पटलंच नसतं.

आप्पांना घरी यायला उशीर झाला, म्हणून पैसे वाचले.

त्यानंतर मी दोन दिवस कराडला राहून सगळं नीट समजून घेतलं. अँड्रॉइडवर प्रत्येक अ‍ॅप आपापल्या खोलीत बंद असतं. अँटिव्हायरस हेही एक अ‍ॅपच, त्याला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. बसवलेली अ‍ॅप्स ओळखीच्या वाईट अ‍ॅप्सशी ताडून बघायची, हे त्याचं मुख्य काम. ते काम टॅबमध्ये आधीपासून असलेलं गूगलचं प्ले प्रोटेक्ट फुकट करतं. लिंक तपासण्यासाठी आमच्या अँटिव्हायरसने अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली होती आणि मी दिलीही होती. पडद्यावरचं सगळं वाचण्याची, आपल्या वतीने बटणं दाबण्याची ती परवानगी असते. भामट्यांची अ‍ॅप्सही नेमकी हीच मागतात. आईच्या टॅबवर ती आता कुणालाच नाही.

अँटिव्हायरस काढलं. क्रोमच्या सूचना पूर्ण बंद केल्या. एवढ्या एका गोष्टीने टॅब शांत झाला. 'अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करणे' ही परवानगी अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपला वेगळी असते, ती व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल्स सगळ्यांची बंद आहे हे एकेक करून पाहिलं. टॅब वाय-फायचाच आहे, सिम नाही, त्यामुळे ओटीपी तिथे येत नाही. बँकेचं अ‍ॅप त्यावर टाकलेलं नाही, टाकणारही नाही.

याची परीक्षा डिसेंबरात झाली. ओळखीच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरं होती. म्हणजे ती पत्रिका नव्हती, अ‍ॅप होतं. ज्यांच्या नावाने आली त्यांचा फोन आधीच भामट्यांच्या ताब्यात गेलेला. आईने फाइल दाबली. टॅबने सांगितलं की व्हॉट्सअ‍ॅपला अ‍ॅप बसवायची परवानगी नाही. खाली 'सेटिंग्ज' असं बटण होतं, तिथून ती परवानगी देताही आली असती. आईने ते दाबलं नाही, मला फोन केला. "पत्रिका बघायला सेटिंग कशाला लागतं गं?" हा प्रश्न तिला स्वतःला पडला, याचा मला फार आनंद झाला.

जुन्या टॅबचं काय, असं बरेच जण विचारतात. ज्याला सिक्युरिटी अपडेट मिळणं बंद झालंय, त्याची भोकं अँटिव्हायरसने बुजत नाहीत. नवा घेताना किती वर्षं अपडेट मिळणार ते आधी विचारा आणि वर्गणीचे पैसे तिकडे वळवा. मावशीकडे आयपॅड आहे. तिथे तर एका अ‍ॅपला दुसरं तपासताच येत नाही, त्यामुळे अँटिव्हायरसचा प्रश्नच उरत नाही.

फोनवरून होणाऱ्या फसवणुकीपुढे मात्र यातलं काहीच चालत नाही. आप्पांना 'आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल' असा मेसेज आला होता. अशा मेसेजमधल्या नंबरवर फोन केला की ते आपल्या फोनचा पडदा त्यांना दाखवणारं अ‍ॅप घ्यायला सांगतात. ते अ‍ॅप प्ले स्टोअरवरचं, खरं असतं. अँटिव्हायरस त्याला कशाला अडवेल? फ्रिजवर मोठ्या अक्षरांत १९३० लिहून लावलंय, सायबर फसवणुकीची तक्रार करायचा हा सरकारी नंबर. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटलंय की चूक ग्राहकाची असली, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणून दोघांनाही बजावलंय: चूक झाली तर लपवू नका, त्याच मिनिटाला सांगा, कुणी रागावणार नाही. आप्पांना हे पटायला वेळ लागला. आपण फसलो हे मुलीला सांगणं त्यांना जड जातं.

काळजी आता टॅबची कमी आणि आप्पांच्या फोनची जास्त आहे. सिम त्यातच, ओटीपी त्यातच, यूपीआयही त्यातच. तिथेही अँटिव्हायरस घेतलं नाही. एसएमएस वाचायची परवानगी कोणत्या अ‍ॅप्सना आहे ते तपासून नको त्यांची काढली आणि यूपीआयसाठी वेगळं खातं उघडून दिलं. त्यात दर महिन्याला पाच हजार टाकते. पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही.