कल्हईवाले चाचा: साडेचार तारे (अर्धा धुरापायी कापला)

वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आधी आणि होळीनंतर, साताऱ्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत एक कल्हईवाले चाचा येऊन बसतात. कल्हई म्हणजे पितळी भांड्याला आतून दिलेला कथलाचा (टिनचा) पातळ मुलामा. दुकान नाही, पाटी नाही. फोन केला तर उचलतीलच असं नाही. तरी यंदा सासूबाईंची तीन पितळी भांडी, म्हणजे पातेलं, तपेली आणि लंगडी, मी त्यांच्यासाठी चार महिने राखून ठेवली.

राखून ठेवली, कारण मागच्या खेपेला घाई केली होती. बाजारातल्या एकाने पंधरा मिनिटांत पातेलं आरशासारखं करून दिलं आणि मी खूश. दोन महिन्यांत बुडाशी पिवळं दिसायला लागलं, आणि एका रविवारी चिंचगुळाची आमटी कळकली, म्हणजे आंबट उघड्या पितळेला लागून बिघडली. पाहुणे जेवायला बसलेले आणि पातेलंभर आमटी मोरीत. कळकलेलं ज्यांनी चाखलं नाही त्यांना सांगते, जिभेवर जुनं नाणं ठेवल्यासारखं लागतं.

चाचांनी ते पातेलं उन्हात फिरवून पाहिलं आणि काठाच्या आतल्या वळणावर नख ओढलं. नखाखाली काळा चिकटा आला. "ताई, याच्यावरच मारली होती त्यानं. कशी धरंल?" मग सोडा, वाळू, चिंध्या. पाऊण तास नुसतं घासणं. मला वाटलं झालं, तर त्यांनी पाणी ओतून पाहिलं. एका जागी पाणी पसरेना, थेंब गोळा होऊन उभे राहिले, म्हणजे तिथे चिकटा उरलाच होता. तेवढ्या रुपयाएवढ्या जागेसाठी पुन्हा सगळं पातेलं घासलं. मी आत जाऊन कुकर लावून आले तरी चाललंच होतं.

प्रत्यक्ष कल्हई बघायला गेलात तर पाच मिनिटांचा खेळ. कोळशावर भांडं तापवायचं, आत नवसागर (अमोनियम क्लोराइडची पूड) भुरभुरवायचा की भक्कन पांढरा धूर उठतो. पितळेवरचा उरलासुरला मळ तो नवसागर खातो. मग कथलाची कांडी टेकवायची, ती लोण्यासारखी वितळते, आणि कापसाच्या बोळ्याने बुडापासून काठापर्यंत एका दमात फिरवायची. पिवळ्याचं पांढरं होताना बघणं, यासाठी शेजारची पोरं शिकवणी बुडवतात. शेवटी पाण्याच्या बादलीत चर्रर्र.

शिशाची भेसळ असेल का, हे मी जरा बिचकतच विचारलं. रागावले नाहीत. कांडी माझ्या कानाशी धरून वाकवली. बारीक करकर ऐकू आली. "कथील वाकताना रडतं, शिसं गपचूप वाकतं." हे मला पन्नाशीत पहिल्यांदा कळलं.

तीन भांड्यांचे 1,150 रुपये झाले. स्वस्त नाही. तपेलीच्या कानाजवळ एक ठिपका नीट बसला नव्हता. मला दिसलाही नसता, त्यांनीच दाखवला आणि पन्नास कमी घेतले.

तक्रार धुराची. नवसागराने घसा धरतो, खोकला असणाऱ्यांनी लांबच बसावं. आणि वेळ! सकाळी दहाला म्हणाले, साडेबाराला उगवले. दुपारचं जेवण आटोपून, निवांत असाल तेव्हाच भांडी काढा.

घरी आणल्यावर मात्र काळजी आपली. कथील 232 अंशांना वितळतं, त्यामुळे रिकामं भांडं गॅसवर ठेवायचं नाही आणि फोडणी वेगळ्या कढल्यात करायची. तारेची घासणी तर बिलकूल नको. डाव लाकडी बरा.

परवा मुद्दाम त्याच पातेल्यात चिंचगुळाची आमटी केली आणि रात्रीपर्यंत त्यातच ठेवली. सासूबाईंनी आधी वास घेतला, मग तळहातावर थेंब घेऊन चाखली, आणि काही न बोलता भाताचं ताट पुढे केलं.