कासवाच्या नाकाला हात लावून आलो: टेस्टुडो, युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड (४/५)

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार. एक का कापला ते येईलच पुढे.

लेक दोन वर्षं व्हिडिओ कॉलवर टेस्टुडो टेस्टुडो करायची आणि मला खरंच वाटायचं की हे कुणी प्रोफेसर आहेत, "टेस्टुडोला भेटून आले, आता पेपर चांगला जाईल" असं म्हणाली की मी म्हणायची बरं झालं बाई, सर चांगले मिळाले. तर हे सर म्हणजे ब्राँझचं कासव. यंदा मे महिन्यात तिच्या कॉन्व्होकेशनला गेलो तेव्हा प्रत्यक्ष भेट झाली. वॉशिंग्टनहून मेट्रोची ग्रीन लाइन पकडून कॉलेज पार्कला उतरायचं, कॅम्पस तिथून जवळच आहे. मॅकेल्डिन लायब्ररीच्या समोरच बसलंय, शोधावं लागत नाही, गर्दी दिसेल तिकडे जायचं. तिकीट वगैरे काही नाही.

पहिलं इम्प्रेशन खरं सांगू का, एवढंसंच? मला वाटलं होतं हत्तीएवढं तरी असेल. चौथऱ्यावर मान वर करून बसलेलं एक कासव, बस. पण जवळ गेलं की नजर नाकावरच जाते, कारण बाकीचं अंग काळपट आणि नाक मात्र आपल्याकडे घासून ठेवलेल्या समईसारखं चकाचक. जो येतो तो नाक चोळतो. परीक्षा असो, इंटरव्ह्यू असो, मॅच असो, आधी नाक. मी न सांगता हात लावला आणि तोच हात कपाळाला नेला, सवयीने, तर लेक हसायला लागली. पण मला सांगा, आपल्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर जमिनीत दगडी कासव असतंच ना, त्याला हात लावल्याशिवाय आपण पुढे जातो का? इथे फक्त कासवाच्या मागे गाभाऱ्याच्या जागी लायब्ररी आहे. मला तर ते फारच पटलं.

इतिहास लेकीने ऐकवला, मजेशीर आहे. १९३२ साली कर्ली बर्ड नावाचे फुटबॉल कोच होते, ते मूळचे चेसापीक खाडीकाठच्या क्रिसफील्डचे, त्यांनी सुचवलं की मॅस्कॉट, म्हणजे कॉलेजचं शुभचिन्ह म्हणून आपल्या खाडीतलं डायमंडबॅक टेरापिन घ्या. (पाठीवर चौकटचौकट नक्षी असते ते. याचं सूप एकेकाळी तिकडे मोठ्या हॉटेलांत मिळायचं, इतकं खाल्लं की कासवंच कमी झाली. आमचे हे म्हणाले, आधी खायचं आणि मग पुतळा उभारायचा, छान आहे.) मग १९३३ च्या बॅचने कॉलेजला हे ब्राँझचं कासव भेट दिलं. ज्या जिवंत कासवावरून ते घडवलं ते नंतर पेंढा भरून युनिव्हर्सिटीच्या जुन्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवलंय म्हणे. आणि हे बर्डसाहेब पुढे युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट झाले, स्टेडियमला त्यांचं नाव होतं, पण कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश द्यायला त्यांचा विरोध होता म्हणून २०१५ मध्ये ते नाव काढायचं ठरलं. माणसाचं नाव गेलं, त्याने सुचवलेलं कासव मात्र आहे तिथेच.

पळवापळवीचा किस्सा तर ऐकाच. १९४७ मध्ये शेजारच्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीच्या पोरांनी हे कासव चक्क उचलून नेलं. मग इकडची पोरं तिकडे चाल करून गेली, पोलीस आले, पुरता राडा. तेव्हा ते पोकळ आणि हलकं होतं, म्हणजे हलकं तरी सव्वाशे दीडशे किलो. शेवटी आत सिमेंट ओतून ठोकून बसवलं. पुढे ते स्टेडियमजवळ गेलं आणि साठच्या दशकात लायब्ररीसमोर आलं. आता कॅम्पसमध्ये त्याच्या आणखी ब्राँझ प्रती आहेत पण लेक म्हणाली खरं नाक हेच, बाकीच्यांना हात लावून पास होत नाही. जागृत देवस्थानासारखंच की.

परीक्षेच्या आठवड्यात पोरं त्याच्यापुढे नैवेद्य ठेवतात. आम्ही गेलो तोवर साफसफाई झाली होती, पण फोटो पाहिले. नूडल्सची पाकिटं, पिझ्झाचा उरलेला तुकडा, चिल्लर, बिअरचे कॅन, फुटकी खुर्ची, रस्त्यावरचा केशरी कोन, कुणाची तरी जुनी सायकल, म्हणजे देवाला काय चालतं याचा काही विचारच नाही. २०१३ च्या डिसेंबरात त्या ढिगाला आगही लागली होती. आणि त्याच फोटोंत मला एक ओळखीचं पाकीट दिसलं. बाकरवडी. मी इथून कपड्यांच्या घडीत दाबून पाठवलेली, वजन जास्त होतं म्हणून माझी स्वतःची शाल काढून ठेवली होती तेव्हा ती बसली होती. म्हटलं हे काय? तर म्हणे "आई, स्टॅटिस्टिक्सचा पेपर होता." पास झाली म्हणून जास्त बोलले नाही.

२००६ मध्ये युनिव्हर्सिटीला १५० वर्षं झाली तेव्हा याच कासवाचे ५० रंगवलेले पुतळे करून कॅम्पसभर आणि वॉशिंग्टन, बाल्टिमोरपर्यंत ठेवले होते, वेगवेगळ्या आर्टिस्टनी रंगवलेले, आणि नंतर लिलाव करून पैसे स्कॉलरशिपला दिले. कल्पना उत्तम, फोटोत दिसतातही झकास, पण मला विचाराल तर ती शोकेसमधली कासवं. चोळून चोळून ज्याचं नाक बदललं ते हे एकच. आपल्याकडे पुतळा म्हटलं की उंच चौथरा, भोवती जाळी, जयंतीला शिडी लावून हार, की झालं. हात पोचतच नाही. इथे पोरं गाऊन घालून त्याच्या पाठीवर चढून बसतात, शॅम्पेन उडवतात, कुणी काही म्हणत नाही. त्याशिवाय आपलेपणा कसा येणार?

आता कापलेला स्टार. कॉन्व्होकेशनच्या आठवड्यात फोटोसाठी रांग लागते, आम्ही उन्हात पाऊण तास उभे होतो, पुढच्या ग्रुपने एकेकाचा वेगळा फोटो काढला, मग सगळ्यांचा, मग उडी मारतानाचा. आणि कलाकुसर म्हणून बघायला गेलात तर कासव ते कासवच आहे हो. त्यापेक्षा थोडं चालून जिम हेन्सनचा पुतळा बघा, मपेट्स नावाच्या बाहुल्यांवाले, ते १९६० साली इथूनच पास झाले. बाकावर बसलेत आणि हातावर कर्मिट बेडूक, जणू दोघांच्या गप्पा चालल्यात. पहिला कर्मिट त्यांनी आईच्या जुन्या कोटातून शिवला होता, डोळे म्हणजे पिंगपाँगचा बॉल. शेजारी जाऊन बसता येतं. पाय दुखत होते म्हणून मी बसलेच, आणि खरं सांगते, फोटो तिथला जास्त चांगला आलाय.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, पाण्याची बाटली न्या. फोटोत कासवाचं नाक झाकू नका, पोरं ओरडतात. आणि दिवसभर शेकडो हात लागतात तिथे, त्यामुळे सॅनिटायझर जवळ ठेवा. मी नाही लावला. आमच्या ह्यांनी लावला, दोनदा.