दहा वर्षांची गॅरंटी, आषाढातच ओल

देवरूखजवळच्या आमच्या गावच्या घराला बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि पैसे पाण्यात गेले. मे महिना आला की असे ठेकेदार वाडीवाडीत फिरतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

घर जांभ्याचं, वरून सिमेंटचा गिलावा. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही सरळ पडत नाही. नैर्ऋत्येचा वारा त्याला भिंतीवर आपटतो. जुनी माणसं उगाच पडवीला झापांच्या झडी, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे आडोसे, बांधत नव्हती. आमची पश्चिमेची भिंत उघडी आणि गिलाव्याला बारीक भेगा.

ठेकेदार बाबांना म्हणाला, "काका, कंपनीचं मटेरियल आहे, दहा वर्षं बघायला नको." कोटेशनमध्ये भेगा कापून पॉलिमरने भरणं, प्रायमर आणि इलॅस्टोमेरिक, म्हणजे रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या, कोटिंगचे दोन हात. काम झाल्यावर त्याने पाइपने भिंतीवर पाणी मारलं, आतली बाजू कोरडी दाखवली आणि उरलेले पैसे घेतले. उन्हाने तापलेली भिंत तेवढं पाणी सहज पिऊन टाकते, आत दिसणार काय?

आषाढात आतून ओल, बाहेर फुगे. ओळखीच्या गवंड्याने पापुद्रा सोलला. खाली प्रायमर नाही, भेगांवर नुसती पुट्टी फासलेली, रंगाचा थर कागदाएवढा. हे कोटिंग जाड असेल तरच भेगेबरोबर ताणलं जातं. याने पाणी घालून वाढवलेलं. बादल्या आल्या तेव्हाच सील तुटलेली होती असं आता शेजारी सांगतात. रिकाम्या बादल्याही तो आठवणीने घेऊन गेला, त्या पुन्हा कशाने भरल्या जात असतील ते ओळखा. शिवाय छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाचच नाही, त्यामुळे पाणी छज्जाखालून सरकत भिंतीला येतं. तिथे रंग काय करणार? पण खाच पाडण्यात त्याला कमाई नव्हती.

गॅरंटी कार्ड म्हणजे रंगीत झेरॉक्स. त्यावरच्या क्रमांकाची कंपनीकडे नोंदच नाही. पक्कं बिल "जीएसटी वाचेल" म्हणून दिलंच नव्हतं. आगाऊ रक्कम यूपीआयने गेली होती, तेवढा पुरावा हातात आहे. तो, कोटेशन आणि फोटो घेऊन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

काम सुरू असेल तर सीलबंद बादली समोर उघडायला लावा, बॅच क्रमांकाचा फोटो काढा, रिकाम्या बादल्या घरातच ठेवा. शेवटचा हप्ता चतुर्थी होईपर्यंत देऊ नका. ठेकेदार कबूल होत नसेल तर त्याला पाणी विचारा आणि वाटेला लावा.