गरम इंजिनाचा सेल्फ: जाड केबल आणि एजीएम बॅटरीचा एका उन्हाळ्याचा अनुभव

पावणेचारशे सीसीच्या आसपासचे मोटरसायकलचे एकच सिलिंडर, साडेबाराच्या पुढचा कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन आतले मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण) आणि सोलापूरचा एप्रिल-मे, हे तिन्ही एकत्र आले की ‘गाडी गरम झाल्यावर सेल्फ उचलत नाही’ ही तक्रार ठरलेली असते. सकाळी पहिल्या दाबात सुरू होणारी माझी गाडी मोहोळला जाऊन आल्यावर सात रस्त्याला दहा मिनिटे उभी केली, की बटण दाबताच जेमतेम अर्धा फेरा घेऊन ‘टक्’ करून थांबत असे. म्हणून फेब्रुवारीत मी स्टार्टरच्या (सेल्फच्या मोटरच्या) जाड केबल, नवा रिले (बटण दाबताच मोटरचा मोठा प्रवाह जोडणारा स्विच) आणि एजीएम बॅटरी (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवणारी सीलबंद बॅटरी) बसवून घेतली. पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा या जोडणीवर गाडी चालवल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे.

खर्च करण्यापूर्वी दोष पेट्रोलचा आहे की विजेचा, हे ठरवणे आवश्यक असते. इंधनाची वाफ होत असेल तर सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. माझ्या गाडीत सेल्फच फिरत नव्हता. इंजिन बंद केले की शीतकाचे पाणी फिरायचे थांबते, मात्र हेडमधली उष्णता पुढची काही मिनिटे आजूबाजूच्या भागांत पसरतच राहते आणि इंजिनाला चिकटून असलेली स्टार्टर मोटरही त्यात तापते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांवरून १०० अंशांवर गेलेल्या गुंडाळीचा रोध जवळपास ३० टक्क्यांनी जास्त भरतो. अशी मोटर पिस्टनला कॉम्प्रेशनच्या पार नेण्यात कमी पडते, आणि तेवढ्यात ठिणगी पडली तर पिस्टन उलटा ढकलला जातो. तो धक्का वन-वे क्लचवर, म्हणजे मोटरचा जोर इंजिनाला एकाच दिशेने देणाऱ्या भागावर बसतो. बॅटरीपेक्षा तो भाग कितीतरी महाग पडतो.

आमच्या मिस्त्रींचे निदान एका वाक्याचे होते: ‘मालक, बॅटरी बदला, प्रश्न मिटला.’ मी तरीही मल्टिमीटर लावून पाहिला. एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर, दुसरे मोटरच्या टर्मिनलवर ठेवून सेल्फ दाबला असता वाटेत एक व्होल्टहून अधिक दाब हरवत होता. तो अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. हिशेब केला तर यातला थोडाच भाग तारेच्या जाडीचा निघतो. ८ चौरस मिलिमीटरच्या दीड मीटर तांब्याच्या तारेतून १२० अँपिअर गेल्यास सुमारे ०.४ व्होल्ट जातात, १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.२. उरलेले नुकसान रिलेच्या जळालेल्या संपर्कांत आणि सैल लगमध्ये (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीत) होत होते; रंगावरच आवळलेल्या अर्थिंगच्या बोल्टखाली होणारे नुकसान तर धन बाजूच्या या मापात येतही नाही. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे की लाल रंगाची आकर्षक जाड केबल विकत घेणाऱ्याला खरा फायदा देतात ते नवे, नीट क्रिंप केलेले (दाबून घट्ट बसवलेले) जोड आणि घासून स्वच्छ केलेली अर्थची जागा. जुनी केबल चांगली असेल तर एवढ्यावरच निम्म्याहून अधिक काम होते.

लिथियम बॅटरी हलकी असते आणि करंटही भरपूर देते, परंतु सीटखाली तापणाऱ्या जागेत ती ठेवण्याची माझी तयारी नव्हती. एजीएमने त्या जागी निराश केलेले नाही. मे महिन्यात भर दुपारी अक्कलकोटहून परतल्यावर लगेच सुरू करताना फेरा थोडा जड लागतो, पण अडत नाही. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू राहतो, त्यामुळे किल स्विचने इंजिन बंद करून चावी तशीच ठेवण्याची सवय कोणत्याही बॅटरीला मानवत नाही.

केबल बदलूनही सेल्फ जड राहिल्यास टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, तपासावेत. जुन्या बुलेटला डिकॉम्प्रेशनचा (सुरू करताना सिलिंडरमधला दाब सोडण्याचा) खटका हाताने ओढावा लागे. आजच्या अनेक सिंगल-सिलिंडर इंजिनांत तेच काम कॅमशाफ्टवरची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरची) वजनाने चालणारी छोटी पिन करते. इंजिन सावकाश फिरत असताना ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते आणि वेग येताच मागे सरते. ही उचल इतकी थोडी असते की एक्झॉस्टच्या टॅपेटची फट वाढली तर ती त्या फटीतच जिरते, आणि मग मोटरला पूर्ण कॉम्प्रेशनशी झुंजावे लागते. माझ्या गाडीची फट ठरलेल्या मर्यादेत निघाली. तुळजापूरचा घाट चढून थांबल्यावर कधीकधी सेल्फ जोरात फिरूनही इंजिन उशिरा पेट घेते, ती वाफेची तक्रार असल्याने त्यावर मात्र या जोडणीचा काही उपयोग नाही. तिथे चावी फिरवल्यावर पेट्रोलच्या पंपाचा आवाज थांबेपर्यंत वाट पाहणे एवढेच मी करतो.

जोडणीत एक त्रुटी आहे. जाड केबल ताठ असल्याने टाकीखालच्या वळणावर ती फ्रेमला घासते, आणि पावसाळ्यानंतर टाकी उतरवली तेव्हा तिचे आवरण तिथे पातळ झालेले दिसले. धन बाजूची तार उघडी पडून फ्रेमला टेकली तर शॉर्ट होऊन आग लागू शकते, म्हणून बसवतानाच त्या जागी जाड रबरी नळी चढवून घ्यावी.