प्ले स्टोअर की एफ-ड्रॉइड: अँड्रॉइड ॲप कुठे टाकावं?

प्ले स्टोअरवर २५ डॉलर एकदाच भरले की डेव्हलपरचं खातं मिळतं. मात्र १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी, म्हणजे फक्त निवडक लोकांपुरती चाचणी, करून घ्यावी लागते. तपासणी होते ती तयार फाइलची. मूळ कोड द्यावा लागत नाही. म्हणूनच प्रसिद्ध झाल्यावर सर्व्हरवरून वागणूक बदलणारं ॲप कधीकधी निसटतं.

एफ-ड्रॉइड या खुल्या कोडच्या ॲप्सच्या स्टोअरला शुल्क नाही, पण कोड खुला, म्हणजे कुणालाही पाहता येईल असा, हवाच. गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटवर मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे ॲप सामील करून घेण्याची विनंती, टाकायची. एपीके, म्हणजे ॲपची तयार फाइल, एफ-ड्रॉइडवाले स्वतः कोडवरून बांधतात. गूगलच्या फायरबेससारखी बंदिस्त (कोड खुला नसलेली) लायब्ररी चालत नाही, ती वगळून वेगळा बिल्ड फ्लेवर, म्हणजे त्याच कोडवरून बांधलेला ॲपचा वेगळा प्रकार, ठेवावा लागतो. ॲपमध्ये जाहिराती किंवा ट्रॅकिंग असेल तर ॲपच्या पानावर तसा शेरा लागतो. सरसकट बंदीपेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण निर्णय वापरणाऱ्याच्या हातात राहतो. तोटा असा की तातडीचं सुरक्षा अपडेटसुद्धा काही दिवस उशिरा पोचू शकतं.

दोन्हीकडे ॲप ठेवणार असाल तर ॲपच्या फाइलवरच्या डिजिटल सह्या तपासा. त्या सहसा वेगळ्या असतात, त्यामुळे एकीकडचं ॲप दुसरीकडून अपडेट होत नाही. काढून पुन्हा टाकावं लागतं आणि आतला डेटा जातो. म्हणून ॲपमध्ये डेटा एक्स्पोर्टची (बाहेर काढून ठेवण्याची) सोय पहिल्याच आवृत्तीत द्या.